पाच दिवस, चार मुक्काम आणि एक गळती

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध अजून आटतंय. ते आटेपर्यंत कुणीतरी बोलायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे आणि या वर्षी ती पाळी माझ्यावर आली आहे. सचिवांनी विषय दिला, 'केरळमधील आमची नौकासहल'. मी विचारलं, "फोटो दाखवू का?" ते म्हणाले, "प्रोजेक्टर बिघडलाय. तुम्ही आपलं बोला." म्हणून बोलतो.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. या गोष्टीत माझ्याबरोबर जे दुसरे गृहस्थ आहेत, ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आपले नाना. समोर पहिल्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांगा, पण खरं तेवढंच सांगा. तिखटमीठ लावलंत तर मी उठून बोलेन." तेव्हा मी जपूनच बोलणार आहे.

आपल्या नारायण पेठेला पाणी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक पानशेतचा पूर आणि दुसरी नळाची वेळ. 12 जुलै 1961 ला मी जन्मलोही नव्हतो, पण वडिलांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की पाणी वाड्याच्या जोत्यावर कधी चढलं आणि जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, हे मला पाठ आहे. पुढे तो वाडा पाडून ही इमारत झाली. आपण सगळे फ्लॅटवाले झालो आणि पाण्याची तिसरी गोष्ट आपल्या आयुष्यात आली, ती म्हणजे गळती.

मी दुसऱ्या मजल्यावर, नाना माझ्या बरोब्बर डोक्यावर. सात वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. पुढे काय झालं हे जुन्या सभासदांना माहीत आहे. मी म्हणायचो, वरच्या मोरीतून येतंय. नाना म्हणायचे, तुमच्याच भिंतीतला पाइप बघा. एकाच जिन्याने ये-जा करणारे आम्ही दोघे एकमेकांना 'महोदय' असं लिहून पत्रं पाठवत होतो, तीही संस्थेमार्फत, आणि पोच घेऊन. सचिव बदलले, फाइल जाड होत गेली, डाग वाढत गेला. बोलणं बंद झालं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका वर गेली नाही. आणि चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हा मी वर गेलो नाही. हे सांगायला मला आजही जड जातं, पण खरं सांगायचं ठरलंय.

आता होडीकडे येतो.

मी कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा. आमच्या कॉलेजचा बोट क्लब 1928 सालचा. संगमाजवळ, नदीकाठी. त्या काळी अभ्यासापेक्षा आम्ही तिथेच जास्त असायचो. नदी तेव्हाही काही गंगाजल नव्हती, पण पहाटे पाण्यावर धुकं असायचं आणि चार वल्ही एकदम पाण्यात पडली की जो आवाज यायचा, तो अजून कानात आहे. दरवर्षी रेगाटा व्हायचा, अख्खं पुणं काठावर बघायला यायचं. नंतर नोकरी, संसार, पाठदुखी. वल्हं सुटलं ते सुटलंच.

साठी झाल्यावर दोन जुन्या मित्रांनी टूम काढली. हे दोघे सख्खे भाऊ. केरळात कोल्लमपासून अलेप्पीपर्यंत पाण्यातून वाट आहे, ती मोटरबोटीने न करता स्वतः वल्हवत करायची. मोटरबोट तेच अंतर आठ तासांत कापते. आम्ही पाच दिवस धरले. वाटेत चार मुक्काम.

ही वाट कशी आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे कालवा म्हटला की आपल्याला पर्वतीच्या पायथ्याचा मुठा कालवा दिसतो. तो खडकवासल्याहून शेतीला पाणी न्यायला काढलेला. केरळातला कालवा माणसं आणि माल न्यायला काढलेला. तिथे समुद्राच्या आत, किनाऱ्याला समांतर मोठमोठी खाजणं आहेत. त्यांना 'कायल' म्हणतात. एक कायल संपते, मध्ये जमीन येते, मग दुसरी कायल. त्रावणकोरच्या राजवटीत मधली जमीन खणून या कायली एकमेकींना जोडत नेल्या. पुढे तिरुवनंतपुरमपासून शोरनूरपर्यंत पाण्याची सलग वाट झाली, म्हणून तिला टी. एस. कॅनॉल म्हणत. आगगाडी आणि मोटार येण्याआधी तांदूळ, मिरी, नारळ, काथ्या आणि प्रवासी, सगळं याच वाटेने जायचं. कोल्लम ते कोट्टप्पुरम हा टप्पा 1993 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 म्हणून जाहीर झाला. आम्ही गेलो तो त्यातला दक्षिणेकडचा अर्धा भाग, साधारण 80 ते 85 किलोमीटर.

होड्या दोन ठरल्या, प्रत्येकीत दोघे. सामान घेऊन तिसऱ्या होडीत तिथलाच एक नावाडी. त्याला आम्ही चेट्टन म्हणायचो. मल्याळममध्ये चेट्टन म्हणजे दादा. दोन भाऊ एका होडीत, मी आणि आमचा आणखी एक मित्र दुसरीत. निघायला तीन आठवडे असताना त्या मित्राच्या गुडघ्याने दगा दिला. धाकट्या भावाचा मला फोन आला, "काळजी करू नकोस, माणूस मिळाला. आपल्याला पाच वर्षं सीनियर, क्लबचा पक्का वल्हेकरी. आणि गंमत म्हणजे तुझ्याच बिल्डिंगमधले आहेत! तुम्हाला बोलणंचालणं सोपं."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन छताकडे बघितलं.

नाही म्हणायला हवं होतं. वरच्या मजल्यावर नानांनीही तेच ठरवलं होतं म्हणे. पण आधी माघार कुणी घ्यायची, हा प्रश्न होता आणि ती दोघांनीही घेतली नाही. जानेवारीत आम्ही एकाच गाडीने, वेगवेगळ्या डब्यांतून कोल्लमला पोचलो.

तिथे आणखी एक गोष्ट कळली. आमच्या कॉलेजातल्या शर्यतीच्या नावेत वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. केरळच्या वळ्ळममध्ये तसं नसतं. दोघांचीही तोंडं पुढे, हातात एकेक सुटं वल्हं. हलका माणूस पुढे बसतो आणि ठेका धरतो, जड माणूस मागे बसतो आणि होडी वळवतो. नाना अठ्ठावन्न किलो, मी चौऱ्याऐंशी. म्हणजे पाच दिवस मला नानांची पाठ बघायची होती आणि नानांना मी अजिबात दिसणार नव्हतो. मागचा माणूस काय करतोय हे पुढच्याला फक्त होडीच्या चालीवरून कळतं.

पहिल्या दिवशी अष्टमुडी कायल ओलांडली. आठ फाटे असलेली म्हणून अष्टमुडी. पाणी एवढं रुंद की पलीकडचे माड म्हणजे नुसती हिरवी रेघ. काठाला चिनी जाळी टांगलेली, पहाटे बारीक बारीक होड्या. दृश्य सुंदर, पण आमची होडी सरळ काही जाईना. नानांनी डावीकडे जोर लावला की मला वाटायचं होडी उजवीकडे चालली, म्हणून मी ती डावीकडे ओढायचो, मग ती जास्तच डावीकडे जायची, मग नाना... असा नागमोडी प्रवास. तोंडाने एक शब्द नाही. भावांची होडी केव्हाच पुढे गेली. चेट्टन आमच्या बाजूला आला, बराच वेळ बघत राहिला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "तुम्ही दोघं सख्खे भाऊ आहात का?" मी म्हटलं, "नाही, का?" तो म्हणाला, "इतका वेळ न बोलता भाऊच बसू शकतात."

नानांची पाठ हलली. हसले असावेत. पण मला खात्री नव्हती. (नाना, हसला होतात ना? हो म्हणतायत.)

पहिला मुक्काम चवऱ्याला. तिथली वाळू काळसर, तिच्यात इल्मेनाइट, मोनाझाइट अशी खनिजं सापडतात. दुसऱ्या दिवशी अरुंद कालवा लागला. दोन्ही काठांना घरं, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बायका भांडी घासतायत, मुलं शाळेच्या दप्तरासकट होडीत बसतायत. मधूनच एक उग्र वास येतो. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने पाण्यात कुजत घालतात आणि मग ती बडवून काथ्या काढतात, त्याचा तो वास. आपल्या ओळखीची जलपर्णीही भेटली. मुठेत आपण तिला पुलावरून बघतो, तिथे वल्हं तिच्यात अडकलं की हात खांद्यातून निखळतो. एका ठिकाणी अर्धा तास अडकलो. नाना वल्ह्याने ती बाजूला सारत होते, मी होडी पुढे रेटत होतो. तरीही बोललो नाही. रात्री मात्र नानांनी त्यांच्या पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली माझ्या उशाशी आणून ठेवली. माझ्या तळहातांना फोड आले होते.

तिसऱ्या दिवशी जे घडलं, ते मला या भाषणात मुख्यतः सांगायचंय.

करुनागप्पळ्ळीच्या पुढे एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला थेट अरबी समुद्र, मध्ये जमिनीची नुसती पट्टी. आलप्पाड गाव तिथे आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत या पट्टीवर फार माणसं गेली. ती संपते तिथे, अळीक्कलजवळ, कायंकुळम कायल समुद्राला मिळते. चेट्टनने सकाळीच बजावलं होतं, बाराच्या आत ते तोंड पार करायचं, नंतर वारा सुटतो. आमच्या नागमोडी चालीमुळे आम्हाला एक वाजला. वारा सुटला. त्यातच मच्छीमारांची एक मोठी बोट बंदराकडे जोरात गेली आणि तिच्या लाटा आमच्या कुशीवर आल्या. होडीच्या कुशीवर लाट घेणं म्हणजे उलटणं, नाक लाटेकडे वळवायचं असतं. हे मला माहीत होतं, पण मी घाबरून उलट्या बाजूला वल्हं मारलं. होडी कलली. पाणी आत आलं.

आणि नाना ओरडले, "अहो, डावं थांबवा! उजवं मारा! जोरात!"

सात वर्षांत ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी मुकाट्याने ऐकलं. पुढून त्यांनी वल्हं आडवं ओढलं, मागून मी जोर लावला, नाक फिरलं, दुसरी लाट समोरून घेतली. मग तिसरी. अंगात जाकिटं होती, चेट्टन जवळच होता, जीव गेला असता असं मी म्हणणार नाही. नाना तिखटमीठ पकडतील. पण पाय लटपटत होते हे खरं. नाना "एक... दोन... एक... दोन" मोजायला लागले आणि मी त्या मोजणीवर वल्हवत राहिलो. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्यांनी मोजणं थांबवलं नाही.

त्या रात्रीचा मुक्काम आराट्टुपुळा भागात, त्याच चिंचोळ्या पट्टीवर एका घरी होता. अंगणाच्या या बाजूला कायलीचं पाणी शांत, त्या बाजूला समुद्राची गाज. यजमानीण बाईंनी नाना शाकाहारी म्हणून वेगळा पुट्टू आणि हरभऱ्याची कडला करी केली होती. जेवताना त्सुनामीचा विषय निघाला. त्यांचा मुलगा हिंदीत सांगत होता की पाणी घरावरून गेलं आणि माणसं मिळेल त्या होडीने पलीकडे निघाली. बाई मध्येच मल्याळममध्ये काही बोलल्या. मुलाने सांगितलं, "आई म्हणते, त्या दिवशी होडी कुणाची आहे, हे कुणीच विचारलं नाही."

जेवणानंतर आम्ही दोघेच पायऱ्यांवर बसलो. नाना स्वतःहून म्हणाले, "हिला केरळ बघायचं होतं. हाउसबोटीचं बुकिंगही केलं होतं. मग तपासण्यांची चक्रं सुरू झाली, ते रद्द करावं लागलं." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी वर यायला निघालो होतो. अकरा पायऱ्या चढलो. मधल्या वळणापाशी उभा राहिलो आणि परत फिरलो."

नाना म्हणाले, "माहितीये. मी दारातच होतो. पावलं ऐकली तुमची. वाटलं, एवढी राहिलेली चढतील. मग वाटलं, आपणच चार उतरावं. पण तुम्ही परत गेलात."

यापुढे त्या रात्री काही बोलणं झालं नाही. माफी मागणं वगैरे काही नाही. आपल्याला ते जमत नाही. नाना उठले आणि म्हणाले, "उद्या सहाला निघू. वारा सुटायच्या आत."

चौथ्या दिवशी होडी सरळ गेली. इतकी सरळ की भाऊ मागे पडले. तृक्कुन्नपुळाला कालव्यावर दारं आहेत, ज्याला लॉक म्हणतात. खारं पाणी पुढे भातशेतीकडे शिरू नये आणि होड्यांनाही जाता यावं म्हणून. होडी दोन दारांच्या मधल्या कप्प्यात घ्यायची, मागचं दार लावायचं, मग पुढचं हळूहळू उघडायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घाई करून उपयोग नाही, नुसतं बसून राहायचं. बसल्या बसल्या नानांनी मला फाटकाचं सगळं यंत्र समजावून सांगितलं. मलाही ते येत होतं, पण ऐकून घेतलं. सात वर्षांचा अनुशेष होता.

पुढे पल्लना गाव लागलं. इथे 16 जानेवारी 1924 ला मल्याळमचे थोर कवी कुमारन आशान यांना जलसमाधी मिळाली. श्रीनारायण गुरूंचे ते शिष्य. कोल्लमहून अलेप्पीकडे रात्रीच्या बोटीने निघाले होते, म्हणजे आमच्याच वाटेने. बोटीत माणसं जास्त झाली होती, ती इथे बुडाली. बोटीचं नाव होतं 'रिडीमर', म्हणजे तारणहार. काठावर त्यांचं स्मारक आहे. आम्ही वल्ही आडवी ठेवून थोडा वेळ थांबलो. आदल्या दिवशीच होडीत पाणी घेतल्यामुळे ती जागा नुसती पाहण्याची राहिली नव्हती.

मुक्काम तोट्टप्पळ्ळीला. तिथे 1955 सालचा मोठा सांडवा आहे. कुट्टनाड हा प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली. पुराचं पाणी समुद्रात सोडायचं आणि समुद्राचं आत येऊ द्यायचं नाही, अशी दुहेरी राखण तो करतो. पाचव्या दिवशी करुमाडीची काळ्या पाषाणातली बुद्धमूर्ती पाहिली. तिचा अर्धा भाग नाहीसा झालाय, तरी चेहरा प्रसन्न. लोक तिला प्रेमाने करुमाडिक्कुट्टन, म्हणजे करुमाडीचा पोरगा म्हणतात. अंबलप्पुळाच्या कृष्णमंदिरातलं प्रसिद्ध पाल पायसम प्यायलो. आणि दुपारी अलेप्पीच्या पुन्नमडा कायलीत शिरलो. पंडित नेहरूंच्या 1952 च्या भेटीपासून सुरू झालेली सर्पनौकांची शर्यत इथेच होते. एका नावेत शंभराच्या आसपास वल्हेकरी, आणि ठेका चुकू नये म्हणून गाणारे वेगळे. आमच्या नावेत दोघे आणि गाणं म्हणजे नानांचं "एक... दोन...". तेवढ्यावर पोचलो.

परत येताना एकाच डब्यात होतो.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी प्लंबर बोलावला. दोन्ही घरांत, दोघांच्याही देखत. आधी वरच्या फरश्या उचलल्या, मग माझ्याकडची भिंत फोडली. गळती सापडली. ती कुठून होती आणि चूक कुणाची होती, हे मी इथे सांगणार नाही. आमचं तसं होडीत ठरलंय. खर्च निम्मा निम्मा केला. सचिवांना विनंती आहे, ती जाड फाइल आता रद्दीत घालावी. डाग मात्र मी अजून रंगवलेला नाही. नाना गुरुवारी संध्याकाळी चहाला खाली येतात तेव्हा त्याच्याखालीच बसतात. ते म्हणतात, राहू दे.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. या इमारतीत अजून दोन-तीन जोड्या अशा आहेत, ज्या लिफ्टमध्ये भेटल्या की मोबाइल बघतात. नावं घेत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. कुणाचं पार्किंग, कुणाच्या कुंड्या, कुणाचा थकलेला देखभाल खर्च. भांडणं खोटी नसतात, माझी ओलही खोटी नव्हती. पण त्या ओलीपायी मी चार वर्षं ज्या पायऱ्या चढलो नाही, त्या मला कुठल्याही प्लंबरकडून दुरुस्त करून मिळणार नाहीत. एवढंच सांगायला आज उभा राहिलो.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला. पोहता आलं तर उत्तम, न आलं तरी जाकीट सोडायचं नाही. टोपी, खोबरेल तेल आणि पहाटे उठायची तयारी हवी. येत्या जानेवारीत आम्ही पुढचा टप्पा करणार आहोत, अलेप्पीपासून वेंबनाड कायलीतून कोचीकडे. एक होडी रिकामी आहे. दोन जागा. न बोलणाऱ्यांना प्राधान्य.

दूध आटलं, असा इशारा येतोय. नाना, मी काही जास्त बोललो का? ...नाही म्हणतायत. म्हणजे झालं.